गोल काढणाऱ्या शैला सिस्टर

माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, म्हणून वाचणाऱ्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली. त्यानंतर हातात पेन आलं ते सहीपुरतं. हे लिहून कुठे द्यायचं नाही. पण शैला सिस्टरांबद्दल मी लोकांसमोर एकदा चुकीचं बोलले आहे, तेव्हा बरोबर काय होतं ते कुठेतरी नीट लिहिलेलं असावं असं वाटतं. त्यांची मुलगी प्राची हिने मागितलं तर तिला वाचायला देईन.

त्या गेल्याचा फोन सकाळी आला. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. फोन आमच्या ह्यांनी घेतला आणि ऐकून नुसता माझ्यापुढे धरला. प्राची म्हणाली, "मावशी, आई गेली. पहाटे. घरीच."  मी विचारलं, "कुशीवर होत्या का?" विचारल्यावर माझी मलाच लाज वाटली. पण प्राची म्हणाली, "हो, डाव्या कुशीवर. मीच वळवलं होतं." आम्ही दोघं दुपारच्या गाडीने धुळ्याला गेलो. चाकाची खुर्ची बसमध्ये चढवायला कंडक्टरने हात दिला...

सिस्टरांची ओळख झाली त्याला सात वर्षं झाली. आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं. हे मजुरीला असोद्याकडे गेले होते, केळीची गाडी भरायला. भरलेल्या गाडीवरून पाय सटकला आणि पाठीवर पडले. कंबरेखाली काही कळेना. जळगावच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात नेलं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. पुरुषांचा हाडांचा वॉर्ड होता. खाटा चाळीसच्या वर, आणि दुपारच्या पाळीला सिस्टर दोन. त्यातली एक बहुतेक वेळा ऑपरेशनच्या खोलीत अडकलेली असायची. उरायच्या त्या शैला सिस्टर. उंचीने कमी, चालणं भरभर, आणि आवाज असा की शेवटच्या खाटेवरच्या बहिऱ्या आजोबांनाही ऐकू जावा.

मणका मोडलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीची कातडी सडते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. वळवायचं तेही एकट्याने नाही. एकाने खांदे, एकाने कंबर, एकाने पाय धरायचे आणि सगळ्यांनी एकदम, ओंडका वळवावा तसं, मध्ये कंबर पिळू न देता. मणक्याचं ऑपरेशन होईपर्यंत आणि त्यानंतर आठवडाभर नातेवाइकांनी हात लावायचा नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. वॉर्डातला मामा, म्हणजे वॉर्डबॉय, एकच, तो कधी एक्स-रेला तर कधी रक्त आणायला. म्हणजे वळवायला तीन माणसं हवीत आणि वॉर्डात सिस्टर एकटी.

खाटेच्या पायाशी एका पाटीला कागद लावलेला असायचा. त्यावर दोन-दोन तासांचे चौकोन. वळवलं की चौकोनात बरोबरची खूण करायची. मला इंग्रजी येत नाही, पण खुणा कळत होत्या. सकाळच्या चौकोनांत सगळ्या बरोबरच्या खुणा, रात्रीच्यातही. फक्त दुपारच्या पाळीत मधेच एखादी बरोबरची खूण आणि बाकी गोल. नुसता शून्यासारखा गोल. त्याच्या बाजूला बारीक काहीतरी लिहिलेलं.

पाळी संपायच्या आधी शैला सिस्टर सगळ्या खाटांवरून फिरायच्या. बाकीच्या सिस्टर आपसात कामं सांगून निघून जायच्या. ह्या मात्र पेशंटला आणि त्याच्या माणसांना तोंडावर सांगायच्या. "नाना, तुमचं तोंड स्वच्छ करायचं राहिलं आज. नऊ नंबर, तुमची पट्टी उशिरा झाली. दहा नंबर, दादा, तुम्हाला चारला आणि सहाला वळवायचं होतं, नाही वळवलं. माणूस नव्हतं. मी तसं लिहिलंय." दहा नंबर म्हणजे आमची खाट. लोक एकमेकांकडे बघायचे. नऊ नंबरच्या म्हाताऱ्याची सून माझ्या कानाशी यायची आणि म्हणायची, "काम करनं नही, आणि वरतून गाजावाजा!" मी हसायचे. आता लिहिताना बरं वाटत नाही, पण हसायचे.

आठव्या दिवशी ह्यांच्या पाठीवर, माकडहाडाशी, जखम दिसली. आधी लाल होतं, मग कातडी गेली. रुपयाएवढी होती ती दोन दिवसांत मुठीएवढी झाली. त्यांना तिथलं काही कळत नव्हतं म्हणून ते गमतीच करत होते. "माले काय व्हयनं? मी राजा शे आठे. आयतं जेवण, आयती खाट." पण वास यायला लागला तेव्हा त्यांच्या गमती बंद झाल्या.

माझ्या दिराचा मुलगा योगेश शिकलेला आहे. तो भेटायला आला, जखम पाहिली आणि तापला. पायाशी लावलेला कागद पाहिला, आधीच्या दिवसांचे कागद खाली अडकवलेले होते ते पाहिले, मोबाईलवर सगळ्यांचे फोटो काढले. मला म्हणाला, "काकू, हे बघा. सकाळी वळवलं, रात्री वळवलं. ही एकटी दुपारची बाई काम करत नाही. स्वतःच लिहून ठेवलंय तिने!" त्याने तिथेच बाकावर बसून तक्रार लिहिली आणि म्हणाला, "इथे सही करा." मी केली. वाचली नाही. दोन पानं होती, आणि योगेश घाईत होता.

खरी गोष्ट मला माहीत होती. सकाळी डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी आम्हाला बाहेर काढायचे ते दुपारपर्यंत आत घ्यायचे नाहीत, पण एकदा मी ह्यांना पेज भरवायला मागे राहिले होते, पडद्याच्या आड. तेव्हा सकाळच्या सिस्टरने एकच्या सुमाराला सगळ्या खाटांचे कागद टेबलावर घेतले आणि मेथी निवडावी तशा भराभर खुणा केल्या. आठची, दहाची, बाराची, सगळ्या एकदम. ती बाईही वाईट नव्हती. सकाळभर धावून तिचे पाय सुजलेले मी पाहिले होते. आणि ह्यांनी तर मला सरळ सांगितलं होतं, "सकायले बी कोनी हात लावा नही." म्हणजे सकाळीसुद्धा कुणी वळवलं नव्हतं. पण खाटेवरच्या माणसाला चौकशीत कोण विचारतो?

चौकशी मेट्रनबाईंच्या खोलीत झाली. मेट्रनबाई, एक डॉक्टर, ऑफिसातले एक साहेब, योगेश आणि मी. शैला सिस्टर भिंतीशी उभ्या. त्यांना कुणी बसायला सांगितलं नाही. मला तर चार माणसांत नाव सांगायलाही घाम फुटतो. साहेबांनी विचारलं, "बाई, सकाळच्या आणि रात्रीच्या सिस्टर वळवत होत्या ना?" मी खाली बघत होते. फरशीला तडा होता, तो अजून दिसतो. योगेश म्हणाला, "कागदावर आहेच साहेब." साहेब म्हणाले, "त्यांना बोलू द्या." आणि मी म्हणाले, "हो."

एवढंच. एक शब्द. शैला सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. 

संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर ते चिडले. "माले कोनी इचारं? मी सांगतू ना! तू काबर हो म्हनी?" मी म्हटलं, सगळे बघत होते. ते भिंतीकडे तोंड करायला गेले आणि त्यांना वळता येईना...

दुसऱ्या दिवशी दुपारी शैला सिस्टर नेहमीसारख्या आल्या. पट्टीचं सामान घेऊन आमच्या खाटेशी बसल्या. मला वाटलं, आता ओरडतील किंवा पट्टी सोडून जातील. त्यांनी जखम धुतली, हात हलका होता. मग वर न बघता विचारलं, "सही केली त्या कागदावर काय लिहिलं होतं, वाचलं होतं का?"

"नाही."

"किती शिकलात?"

"चौथी."

"मग वाचता येतं. वाचायचं. वेळ लागला तर लागू द्यायचा." पट्टी चिकटवून झाल्यावर म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं, मी गोल कशाला काढते? हौस म्हणून? सगळ्यांनी सगळीकडे बरोबर केलं तर वरच्यांना वाटतं, दोन बायांत चाळीस माणसं भागतात. मग तिसरी बाई कशाला देतील? जे झालं नाही ते नाही असं लिहिलं, तरच कधीतरी कुणी मोजेल." आवाज चढलेला होता. राग होता त्यात, आणि तो माझ्यावरच होता. त्या देवमाणूस होत्या वगैरे मी लिहिणार नाही. त्या दिवशी त्यांनी जाताना वाटेतला माझा डबा सरकवला तोसुद्धा जोरात.

पण त्याच दिवशी त्यांनी नऊ, दहा आणि अकरा नंबरच्या माणसांना एकत्र बोलावलं. ह्यांचं ऑपरेशन होऊन आठवडा उलटला होता आणि डॉक्टरांनी आता परवानगी दिली होती. सिस्टरांनी आम्हाला शिकवलं. चादर दुमडून पेशंटखाली कशी घालायची, कुणी कुठे धरायचं, तीन म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम कसं वळवायचं, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी कशी द्यायची. "लाल दिसलं तर बोटाने दाबून बघा. पांढरं झालं तर ठीक. लालच राहिलं तर त्या जागेवर झोपवायचं नाही आणि चोळायचं तर मुळीच नाही." त्यानंतर त्या दारातून टाळी वाजवायच्या आणि आम्ही तीन खाटांची माणसं जमायचो. नऊच्या म्हाताऱ्याला अकराचा भाऊ धरायचा, आमच्या ह्यांचे पाय नऊची सून धरायची. ती म्हणायची, "तीन म्हनाना पयले खेचू नका रे बाबा, मना हात तुटी जाई!" सगळे हसायचे. असं वळवलं की सिस्टर चौकोनात बरोबरची खूण करायच्या आणि बाजूला लिहायच्या. मी विचारलं, काय लिहिता? म्हणाल्या, "नातेवाइकांनी केलं. मी केलं असं कसं लिहू?"

आम्ही दीड महिन्याने घरी आलो. जखम भरायला आणखी पाच महिने लागले. दर दोन तासांनी मी त्यांना वळवायचे, मदतीला सासूबाई आणि शेजारची सुनंदा. टाळी वाजवली की सुनंदा भांडी टाकून यायची. हे आता चाकाच्या खुर्चीत बसतात. ओट्यावर बिस्किटं आणि मोबाईल रिचार्जचं लहान दुकान आहे. गावात कुणाचं माणूस अंथरुणाला खिळलं की मला बोलावतात, मी जाऊन वळवायला शिकवते. हे सगळं शैला सिस्टरांचं. पण त्यांचं पुढे काय झालं ते मी कधी विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाला धुळ्याला गेले होते. परत येताना बसस्टँडवर अमळनेरच्या गाडीची वाट बघत होते, तर मागून आवाज आला, "दहा नंबर! पाठ कशी आहे?" शैला सिस्टर. केस पांढरे झालेले, हातात भाजीची पिशवी, बरोबर मुलगी. नाव त्यांना आठवत नव्हतं, खाट आठवत होती. मी म्हटलं, भरली, आता बसतात, दुकान चालवतात. त्यांचा चेहरा इतका खुलला की मला बरं वाटलं. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आई, याच का त्या? तक्रारवाल्या?"

"प्राची, गप."

"का गप? दोन वेतनवाढी कायमच्या बंद झाल्या तुझ्या. नोकरीच्या पुस्तकात लिहिलं, कामात कसूर. निवृत्त होताना सगळा हिशोब कमी पगारावर झाला. यांना माहीत तरी आहे का?"

मला माहीत नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, "झालं ते झालं. त्यांचं माणूस खाटेवर होतं." मग माझी गाडी लागली. मी चढले. खिडकीतून बघितलं तर प्राची माझ्याकडेच बघत होती. तिचा राग काही खोटा नव्हता.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मी येस तुन्हासंगे. मी बोलसू." मी म्हटलं, या, पण बोलणार मी. गप्प मी राहिले होते. योगेशकडून ते जुने फोटो मागून घेतले. त्याने विचारलं, कशाला? सांगितल्यावर म्हणाला, "काकू, चूक माझी होती." मी म्हटलं, लिहिणं तुझं, सही माझी. फोटो मोठे करून मी एकेक चौकोन पाहिला. दोन दिवस पाहत होते. आणि मग दिसलं. ऑपरेशनच्या दिवशी दुपारी बाराच्या चौकोनात, म्हणजे सकाळच्याच पाळीच्या, बरोबरची खूण होती. त्या दिवशी ह्यांना दहा वाजता खाली नेलं होतं ते साडेतीनला परत आणलं. बारा वाजता खाट रिकामी होती. रिकाम्या खाटेवर माणसाला वळवलं होतं.

अर्ज मी माझ्या हाताने लिहिला. तीन कागद फुकट गेले. योगेश म्हणाला, टाईप करून देतो. मी नको म्हटलं. लिहिलं की, मी चौकशीत हो म्हणाले ते खरं नव्हतं. सकाळच्या खुणा एकदम केलेल्या मी पाहिल्या होत्या. ज्या सिस्टरांनी गोल काढले त्यांनीच खरं लिहिलं. बाराच्या चौकोनाचंही लिहिलं आणि फोटो जोडला.

दवाखान्याच्या ऑफिसात पहिल्या खेपेला साहेब भेटले नाहीत. दुसऱ्या खेपेला भेटले. नवे होते. अर्ज वाचून चष्म्यावरून बघितलं. "बाई, आज आठवलं का हे?"

 ह्यांनी खुर्चीतून माझ्या साडीचा पदर धरून ठेवला होता, मी पळून जाईन म्हणून असेल. मी म्हटलं, "आठवत तर रोज होतं साहेब. सांगायचं धाडस आज झालं."

"आणि आता सांगून तुम्हाला काय मिळणार?"

"मला काही नाही. त्यांचं काढून घेतलंय ते त्यांना द्या."

साहेबांनी फाईल मागवली. त्यात आमचेच फोटो छापून लावलेले होते. त्यांनी बाराचा चौकोन बघितला, ऑपरेशनच्या वहीतली वेळ मागवून बघितली, आणि म्हणाले, "ठेवून जा. समितीपुढे ठेवतो." त्यानंतर चार खेपा झाल्या. एकदा समितीसमोर बोलावलं, पाच माणसं होती. मी बोलले. आवाज बारीक होता, एकाने मोठ्याने बोला म्हणून सांगितलं, तर पुन्हा सगळं पहिल्यापासून बोलले. कुणीतरी विचारलं, मग त्या सकाळच्या सिस्टरवर कारवाई करायची का? मी म्हटलं, नको, त्यांनाही माणूस नव्हतं. 

सिस्टरांना कळलं तेव्हा त्या रागावल्या. फोनवर म्हणाल्या, "कशाला गाडीभाडं घालवता? ते लोक काही करणार नाहीत." मग म्हणाल्या, "पण बाराचा चौकोन बरा शोधलात. मलाही दिसला नव्हता."

मागच्या वर्षाअखेर त्यांचं पोटाचं दुखणं वाढलं आणि कर्करोग निघाला. धुळ्यात एका दवाखान्यात ठेवलं होतं. प्राचीची नोकरी, एकटी मुलगी. मी जाऊन अकरा दिवस राहिले. प्राची पहिले दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून सिस्टरांना वळवलं, मी तीन म्हणायच्या आधीच तिने ओढलं, आणि सिस्टर खाटेवरून ओरडल्या, "तीनला म्हणजे तीनला! कोणी शिकवलं हिला?" प्राची हसली. त्यानंतर ती मला मावशी म्हणायला लागली.

तिथली दुपारची नर्स कोवळी होती, नवीनच लागलेली. एकदा ती धावत आली, कागदावर दोन बरोबरच्या खुणा केल्या आणि निघाली. सिस्टरांनी तिला हाक मारली. "बाळ, इकडे ये. मला वळवलं कुणी?"

ती घाबरली. "यांनी... मावशींनी."

"मग तसं लिही. आणि चारला कुणीच वळवलं नव्हतं, तिथे गोल काढ."

"मॅडम ओरडतात, आजी."

"ओरडू दे. तुझ्याकडे आज किती पेशंट आहेत?" तिने आकडा सांगितला. सिस्टर म्हणाल्या, "तोही बाजूला लिही." पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने खुणेवर रेघ मारली आणि बाजूला गोल काढला, जरा वेडावाकडा. सिस्टरांनी कागद मागून घेऊन बघितला आणि डोळे मिटले.

शेवटी त्यांना घरी नेलं. मी परत आले, आणि पंधरा दिवसांत तो फोन आला.

त्यांच्या दहाव्याला समितीचं पत्र आलेलं होतं, पण त्या दिवशी ते कुणी फोडलं नाही. नंतर प्राचीने मला फोनवर वाचून दाखवलं. पत्र मराठीत होतं, तरी मला दोनदा वाचायला लावावं लागलं. कामात कसूर हा शेरा रद्द केला आहे. दोन्ही वेतनवाढी ज्या महिन्यात थांबवल्या त्या महिन्यापासून धरल्या जातील आणि फरक वारसांना दिला जाईल. मी प्राचीला म्हटलं, पत्र आलं म्हणजे पैसे आले असं नाही, जमा होईपर्यंत विचारत राहा. ती आणि मी एकदा मिळून ऑफिसात जाऊन आलो. क्लार्क म्हणाला, ग्रॅच्युइटीचा फरक वेगळा निघेल, त्याला वेळ लागेल. प्राची म्हणाली, लागू द्या, आम्ही येत राहू.

परवा दुपारी तिचा फोन आला. वेतनवाढींचा फरक आधीच आला होता, आता ग्रॅच्युइटीचाही जमा झाला. मी विचारलं, "काही कापलं का?" ती म्हणाली, "नाही मावशी. मी बसून सगळे महिने जुळवले. पूर्ण आलेत."